दर्यावरचा वग

बुरोंडीला गाडी थांबवणारे बहुतेक जण परशुराम बघायला येतात. अर्ध्या पृथ्वीगोलावर तो उभा आहे, आणि ज्याला त्याने मागे हटवलं तो समुद्र खाली पसरलेला. मूर्ती भव्य आहे. पण मला ओढ आहे ती इतिहास अंगावर चढवणाऱ्या माणसांची.

दापोली-गुहागर पट्ट्यात शिमग्याला खेळे निघतात. काळे कपडे, उंच टोकदार टोपी, पांढरी दाढी, कमरेला घुंगरं असा संकासूर पोरांच्या मागे धावतो. रात्री नमनात गण-गवळण आटोपली की वग उभा राहतो, आणि त्यात पुष्कळदा शिवराय असतात. अमेरिकेत कलोनियल विल्यम्सबर्गला पगारी माणसं अठराव्या शतकाचे कपडे घालून पाहुण्यांशी बोलतात. आमच्याकडे सकाळी जाळं ओढणारा रात्री सिंहासनावर बसतो, आणि त्याला नावानिशी ओळखणारी वाडी मनापासून त्याचा जयजयकार करते. अफझलखानाचं काम करणाऱ्या एकाला मी जवळून पाहिलं आहे. डिंकाने चिकटवलेली दाढी सुटू नये म्हणून हनुवटी वर धरून तो बशीतून चहा घेत होता. जरीच्या बाहीखाली तळव्यावर दोराचे घट्टे.

त्या हातांचा इतिहास वगात का येत नाही? वगातला अफझलखानाचा प्रतापगड घाटावर. इथली लढाई पाण्यावरची. हर्णैचा सुवर्णदुर्ग १७५५ मध्ये इंग्रजांच्या कमोडोर जेम्सने मराठी आरमाराच्या तुळाजी आंग्र्यांकडून घेतला, आणि पेशवे इंग्रजांच्या बाजूला होते. जेम्सच्या विधवेने १७८४ मध्ये लंडनच्या शूटर्स हिलवर त्याच्या स्मरणार्थ तिकोनी मनोरा बांधला. नाव दिलं सेव्हर्नड्रूग, म्हणजे आपला सुवर्णदुर्गच. तो आजही उभा आहे. आणि आंग्र्यांच्या गुराबांवर, गलबतांवर शिडं ओढणारे, तोफा ठासणारे कोळी, भंडारी, मुसलमान खलाशी? मी पाहिलेल्या एकाही वगात त्यांच्या तोंडी वाक्य नाही.

गोष्ट हरल्याची आहे, वर आपल्याच माणसांनी आपल्यांवर चाल केल्याची. शेवटी गुलाल उधळता येत नाही, हे मलाही कळतं. तरी ती मांडावी. तुळाजी आणि नानासाहेब पेशवे यांच्यातला नुसता एक प्रवेश रात्र जागवील. खलाशाला जरही लागणार नाही, डोक्याला रुमाल आणि कमरेला रुमाल पुरे. इंजिन येण्याआधी शिडाच्या होडीवर गेलेली म्हातारी माणसं किनाऱ्यावर अजून भेटतात. दोर कुणी धरायचा, हाक कशी द्यायची, हे त्यांनाच विचारून प्रवेश बसवावा. आणि ते येत्या शिमग्याच्या आत व्हावं.