साप साप म्हणून

रात्रभर चाललेल्या रिग्रेशनचा लॉग सकाळी उघडला, तर एकच असर्शन शेकडो वेळा फेल. नियम साधा होता: आर्बिटरने एका वेळी एकालाच ग्रँट द्यायचा. वेव्हफॉर्मवर नेमक्या त्या नॅनोसेकंदाला कर्सर नेला. दोन ग्रँट एकत्र कुठेच नाहीत. अख्खी सकाळ मी साप साप म्हणून भुई धोपटत बसलो.

हे भूत डेल्टा सायकलमधलं. दुसऱ्याचा ग्रँट वर असताना पहिल्याची रिक्वेस्ट येते. पहिला ग्रँट १ होतो. ते बघून दुसरा ० व्हायला सिम्युलेटरला आणखी एक फेरी लागते. वेळ तिथेच थांबलेली, पण त्या फेरीपुरते दोघेही १. साधं इमिजिएट असर्शन नेमकं तेव्हाच डोकावतं आणि बोंब ठोकतं. वेव्हफॉर्मवर मात्र त्या क्षणाची शेवटची व्हॅल्यू तेवढी उरते.

नवखा होतो तेव्हा यावर माझा उतारा ठरलेला: चेकच्या आधी #१ चा डिले. लॉग स्वच्छ. पण ब्लॉक डिलेत अडकलेला असताना सिग्नल हलला, तर त्याला पत्ताच नसतो. आता कुणाच्या कोडमध्ये तो #१ दिसला की माझीच जुनी वही उघडल्यासारखं वाटतं.

खरा इलाज सिस्टिमव्हेरिलॉगच्या २००९च्या आवृत्तीत आला: असर्ट #०. हे फेल झालं तरी लगेच ओरडत नाही, निकाल राखून ठेवतं. त्याच क्षणी ब्लॉक पुन्हा जागा झाला, तर जुना निकाल पुसून नव्याने तपासतं. त्यातही एक फट होती. ऑब्झर्व्ह्ड रीजनमध्ये निकाल पक्का झाल्यावर टेस्टबेंचने रिॲक्टिव्हमधून सिग्नल हलवला, की पुन्हा खोटी बोंब. २०१२च्या असर्ट फायनलने तीही बुजवली; ते त्या क्षणाच्या अगदी शेवटापर्यंत थांबतं.

मग काय, एका संध्याकाळी मी सगळीकडे फायनल लावून मोकळा झालो.

रिव्ह्यूमध्ये आमच्या मॅडमनी एकच विचारलं, "हे ग्रँट पुढे जातात कुठे, बघितलंस?"

"फ्लॉपकडे."

"सगळे?"

सगळे नव्हते. दुसरा ग्रँट एका लॅचचं इनेबल होता, आणि त्या लॅचकडे येणारा डेटा पहिल्या ग्रँटवर बदलत होता. म्हणजे दार लागायच्या आत आतला माल बदलायचा. फ्लॉपला दोन क्लॉक एजमधल्या असल्या गडबडीचं सोयरसुतक नसतं. उघड्या लॅचला असतं. ज्याला मी सिम्युलेटरचा भास म्हणून गप्प केलं होतं, तो सिलिकॉनमध्ये काही पिकोसेकंद खरोखर जगणार होता.

एसडीएफचे डिले लावून गेट-लेव्हल सिम्युलेशन चालवलं. तिथे असर्ट फायनलही फेल झालं. या वेळी वेव्हफॉर्मवर झूम करत गेलो, तर दोन्ही ग्रँट एकत्र वर दिसले, केसाएवढे. लॅच काढून तिथे फ्लॉप बसवला.