धरणाच्या कुशीतलं बेळगोळ

म्हैसूरला गेलेला मराठी पर्यटक राजवाडा पाहतो, चामुंडी टेकडीवर जातो, संध्याकाळी वृंदावन बागेतली कारंजी बघतो आणि दुसऱ्या दिवशी उटीची वाट धरतो. बागेकडे जाताना बेळगोळ लागतं, पण तिथे गाडी कोण थांबवणार? म्हैसूर-अर्सिकेरे मार्गावरचं छोटंसं स्टेशन, ऊस-भाताची हिरवीगार शेतं, कारखान्यांची कुंपणं आणि म्हैसूर शहराला कावेरीचं पाणी चढवणारी पंपघरं. पाहण्यासारखं असं काही नाहीच म्हणा!

तरीही मी थांबले. आमचं माहेर पुण्यातल्या नदीकाठच्या पेठेतलं. १९६१ साली पाणी कुठवर चढलं होतं, ती भिंतीवरची खूण आजी आम्हा मुलांना बोट लावून दाखवायची. त्यामुळे धरणाजवळचं गाव दिसलं, की मनात पहिला प्रश्न येतो तो हाच : इथल्या लोकांना वेळेवर कोण सांगणार?

बेळगोळहून थोडंच पुढे कृष्णराजसागर धरण आहे. पूर्ण पातळी १२४.८० फूट, साठा सुमारे ४९ टीएमसी. पुण्याच्या खडकवासला साखळीतली चारही धरणं मिळून २९ टीएमसीच्या आसपास भरतात, यावरून अंदाज यावा.

आणि गंमत बघा, या दोन्ही ठिकाणांना जोडणारा माणूस एकच : मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या. मुंबई इलाख्याच्या नोकरीत असताना त्यांनी तयार केलेले स्वयंचलित दरवाजे १९०३ साली खडकवासल्याला बसले. १९०८ च्या सप्टेंबरात मुसी नदीने हैदराबाद शहर उद्ध्वस्त केलं, तेव्हा निजामाने सल्ल्यासाठी त्यांनाच बोलावलं. शहराच्या वरच्या अंगाला पूर अडवणारे जलाशय बांधा, असं त्यांनी सुचवलं. उस्मानसागर आणि हिमायतसागर हे त्याचंच फळ. १९०९ मध्ये ते म्हैसूर संस्थानात मुख्य अभियंता म्हणून आले आणि १९११ मध्ये कृष्णराजसागराचं काम सुरू झालं. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत फुटलं आणि त्या लोंढ्यात खडकवासलाही गेलं, तेव्हा ते हयात होते, शंभरीच्या उंबरठ्यावर. ती बातमी ऐकून त्यांना काय वाटलं असेल?

पुण्यात त्या दिवशी पाण्यापेक्षा निरोप मागे राहिला, असं आजी म्हणायची. कावेरीकाठी आज हा निरोप अनेक हातांतून जातो. कोडगूत पाऊस कोसळू लागला, की धरणात किती क्युसेक पाणी येतंय याचा हिशेब कावेरी नीरावरी निगमचे अभियंते ठेवतात. दरवाजे उघडायची वेळ आली, की जिल्हा प्रशासनाला कळवायचं, काठच्या गावांना गुराढोरांसह वर सरकायला सांगायचं. रंगनतिट्टूच्या पक्षी अभयारण्यातल्या होड्या बंद होतात. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याने जिल्ह्यातल्या या कामाचं प्रमुखपद जिल्हाधिकाऱ्याकडे दिलं. म्हैसूरच्या प्रशासकीय प्रशिक्षण संस्थेत तर आपत्ती व्यवस्थापनाचं स्वतंत्र केंद्रच आहे. संकट येण्याआधी सरकारी माणसाला वर्गात बसवलं जातं, हे मला फार आवडलं.

बेळगोळची अडचण मात्र दुहेरी आहे. पंपघरं नदीवर अवलंबून, म्हणजे महापुराने यंत्रं बंद पडली तर भर पावसात शहराचे नळ कोरडे! शिवाय कारखाने. स्वातंत्र्यापूर्वीच इथे अमोनियापासून खत करणारा कारखाना उभा राहिला होता. वायुगळतीला पुराची दवंडी चालत नाही. तिथे वारा कुठल्या दिशेला आहे हे बघून पळावं लागतं. ते गावकऱ्यांना आधी शिकवलेलं हवं.

२०२१ च्या धरण सुरक्षा कायद्याने मोठ्या धरणांना आणीबाणीचा आराखडा सक्तीचा केला. धरणाजवळच्या बेबी बेट्टाच्या खाणींतल्या सुरुंगांवरून तर वर्षानुवर्षं वाद चालला. आराखडा कागदावर उत्तम असेल, पण तो बेळगोळच्या चहाच्या टपरीवर ठाऊक आहे का? मी विचारलं. टपरीवाले अण्णा हसले आणि म्हणाले, ‘‘गेट उघडलं की नदीचा आवाजच बदलतो, अम्मा. आम्ही तो ऐकतो.’’

जुलै-ऑगस्टमध्ये जाणार असाल, तर आधी विसर्गाची चौकशी करा. दरवाजे उघडे असताना श्रीरंगपट्टणच्या घाटावर स्नानाला उतरू नका आणि मुलांचा हात सोडू नका.