खालच्या घरातली भांडी

दिल्लीतल्या मयूर विहारच्या सोसायटीत लेस्ली स्पीकर वाजवता येतो. मी वाजवतो, आणि खालच्या मजल्यावरच्या आंटीजींशी माझं उत्तम जमतं. हे आधीच सांगतो, कारण ‘फ्लॅटमध्ये हे धूड कशाला’ म्हणणारेच जास्त भेटतात.

ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगतो. अमेरिकेत डॉन लेस्ली यांनी 1940 च्या सुमारास हॅमंड ऑर्गनसाठी बनवलेलं हे लाकडी कपाट. वरच्या खणात दोन तोंडांचा कर्णा फिरतो. आवाज त्यातल्या एकाच तोंडातून येतो, दुसरं फक्त तोल सांभाळायला असतं. तळाशी 15 इंची स्पीकर जमिनीकडे तोंड करून बसवलेला, आणि त्याच्याखाली फिरणारं पिंप. कर्णा सावकाश फिरला की सूर हलकेच डोलतो, वेगात फिरला की थरथरतो. आपल्या संगीत नाटकांत जो पायाचा ऑर्गन वाजायचा, त्या जातीच्या काही वाद्यांतही भात्याच्या हवेवर फिरणारी पाती सुराला कंप देत. त्यामुळे मराठी कानाला हा आवाज फार परका वाटत नाही. एक अडचण मात्र विजेची. माझं कपाट अमेरिकेतलं, 117 व्होल्ट आणि 60 हर्ट्झचं. ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज उतरवतो, पण आपले 50 हर्ट्झ तसेच राहतात आणि मोटर संथ पडते. मोटरची पुली मोठी बसवल्यावर वेग जागेवर आला.

आता शेजाऱ्यांचं. एका संध्याकाळी आंटीजी वर आल्या. रागावलेल्या नव्हत्या. म्हणाल्या, “बेटा, गाना तो सुनाई नहीं देता, पर मेरे बरतन बोलते हैं.” मी एका मित्राला ऑर्गनवर बसवलं, पायाने वाजवायचे खालचे सूर धरून ठेवायला सांगितलं आणि त्यांच्या स्वयंपाकघरात जाऊन उभा राहिलो. वरचं वादन खरोखरच जेमतेम ऐकू येत होतं. पण मांडणीतले स्टीलचे पेले एकमेकांना लागून किणकिणत होते. एका ठरावीक सुराला तर कपाटाची काचही वाजली.

सगळं मर्म तिथे आहे. आवाज शेजारी दोन वाटांनी जातो, हवेतून आणि इमारतीच्या अंगातून. भिंतीला फोम किंवा अंड्याचे ट्रे चिकटवले की खोलीतला घुमारा कमी होतो, पण स्लॅबमध्ये उतरणारी कंपनं तशीच राहतात. 100 हर्ट्झच्या लहरीची लांबी जवळपास साडेतीन मीटर असते, तिला दोन इंची फोम काय अडवणार? मी कपाटाची चाकं काढली, खाली जाड रबराचे तुकडे, त्यांवर कोटा दगडाची लादी आणि लादीवर कपाट ठेवलं. दगडाचं वजन आणि रबराची लवचीकता मिळून कंपनं बरीचशी वरच अडतात. कपाट सामायिक भिंतीपासूनही दूर सरकवलं. पेले गप्प झाले.

हवेची वाट सोपी, पण दिल्लीच्या हवामानामुळे चुकते. कूलर लावायचा तर खिडकी उघडी ठेवावी लागते, म्हणजे सगळी मेहनत वाया. म्हणून उन्हाळ्यात मी एसी लावूनच वाजवतो. सरकत्या खिडक्यांच्या फटींना रबरी पट्ट्या आणि दाराखालच्या फटीला ब्रश लावला. जाड पडद्यांवर खर्च करू नका, फटी बुजवा.

आवाज कमी करण्याबद्दलही बोलायला हवं. कर्ण्याचं फिरणं हळू आवाजातही तेवढंच सुंदर ऐकू येतं. जाते ती फक्त कपाटातला व्हॉल्व्ह अँप्लिफायर जोरात चालवल्यावर येणारी घरघर. ती हवी असेल तेव्हा मी कपाट स्टोअरच्या खोलीत नेतो, कर्ण्यापाशी दोन आणि पिंपापाशी एक माइक लावतो, दार बंद करून बाहेर हेडफोनवर ऐकतो. व्हॉल्व्ह चांगलेच तापतात, त्यामुळे मधूनमधून दार उघडून खोली गार होऊ द्यावी लागते. दिल्लीच्या मे महिन्यात तर हा प्रकार मी करतच नाही.

कायद्याचंही भान असू द्यावं. ध्वनिप्रदूषणाचे 2000 सालचे नियम निवासी भागात दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबलची मर्यादा घालतात, आणि रात्र धरतात ती दहा ते सहा. मी नऊलाच ऑर्गन बंद करतो. आंटीजींकडे दुपारी नातू झोपतो, ती वेळही मी सोडलेली आहे.

तुम्ही असलं काही वाद्य घरात आणणार असाल तर प्लाय, रबर, फोम यांतलं काहीही विकत घेण्याआधी कुणाला तरी वाजवायला बसवा आणि खालच्या घराची बेल दाबा. काय वाजतंय ते तिथेच कळेल.