दर्याकाठी आई

घाटकोपरहून मेट्रोने वर्सोव्याला पोचलो तेव्हा पाऊस नुकताच थांबला होता. बाबा गेल्यानंतरची ही पहिली नारळी पौर्णिमा. आई म्हणाली, यंदा कोळीवाड्यात जाऊ.

गल्लीत ओल्या जाळ्यांचा वास होता. मासेमारीबंदीत ओढून ठेवलेल्या होड्या आता पताका लावून उभ्या. जून-जुलैचे ६१ दिवस माशांच्या विणीसाठी सोडायचे, मग नारळ देऊन दर्याची परवानगी मागायची, ही रीत मला फार समंजस वाटते. सोनेरी नारळाची मिरवणूक वाजतगाजत पुढे गेली. दागिने ल्यालेल्या कोळणी नाचत होत्या; आई त्यांच्याकडे बघतच राहिली. बाबांना बोंबील आवडायचे, तिला वास सोसायचा नाही. तरी ती आयुष्यभर तळून देत आली.

गर्दी ओसरल्यावर तिने पिशवीतून आमचा साधा नारळ काढला. माझ्या लेकीने तो पाण्यात सोडला. लाटेने परत पायाशी आणला. पुन्हा सोडला, पुन्हा आला.

“आजी, समुद्राला नको आहे का तो?”

आई बोलली नाही. तिच्या साडीचा काठ भिजत होता, आणि ती मागे सरत नव्हती.

तिसऱ्यांदा नारळ पुढे गेला की अंधारात दिसेनासा झाला, ते कळलं नाही.