क्रीडोद्यान कीं समुद्रतीर ?

परभणीच्या माणसाला समुद्र प्रथम भेटतो तो भूगोलाच्या पुस्तकांत. सरळ रेषेनें मोजला तरी तो आमच्यापासून सुमारें चारशें किलोमीटर दूर आहे. माझी आजी गंगाखेड तालुक्यांतील गोदाकांठच्या एका खेड्यांत वाढली, लग्नानंतर परभणीस आली, आणि वयाच्या बहात्तराव्या वर्षापर्यंत तिनें पाहिलेलें सर्वांत मोठें पाणी म्हणजे पैठणचें जायकवाडी धरण. तिची व समुद्राची भेट कशी झाली, आणि ती होऊं नये म्हणून मीं काय काय केलें, ती हकीकत येथें सांगणार आहें. तींत माझें वर्तन फारसें शोभणारें नाहीं, हें आधींच कबूल करून टाकतों.

सन २०२३ च्या दिवाळीची सुटी होती. भाऊबीज आटोपल्यावर खोपोलीजवळील ‘इमॅजिका’ नांवाचें क्रीडोद्यान पाहावयास जावें, असा बेत वडिलांनीं आंखला होता. बेत दोन दिवसांचा होता. पहिला दिवस मुख्य उद्यानांत व दुसरा त्याच्याच शेजारच्या जलोद्यानांत. आमच्या परभणीकरांस आकाशपाळणा म्हटला कीं फेब्रुवारींतील हजरत तुराबुल हक यांचा उरूस आठवतो. वर्षांतून एकदां तेथें पाळणे उभे राहतात आणि आम्ही सारे विद्यार्थी खिशांतले पैसे त्यांच्या पायीं वाहून येतों. असे पाळणे जेथें बारमाही फिरतात त्या ठिकाणीं दोन दिवस घालवावयाचे, या कल्पनेनें मला दिवाळीच्या फराळाचीहि गोडी उरली नव्हती.

आई, वडील, आजी, धाकटी बहीण आणि मी असे पांच जण देवगिरी एक्स्प्रेसनें रात्रीं निघालों. सकाळीं कल्याणास उतरून लोकलनें खोपोलीस पोहोंचलों. प्रवासांत सांगण्यासारखें विशेष कांहीं घडलें नाहीं.

ता. १९ नोव्हेंबरचा रविवार उद्यानांत गेला. इमॅजिका सन २०१३ सालीं सुरू झालें. तेथील ‘नायट्रो’ नांवाच्या झुकगाडींत पायांखालीं फळीहि नसते. मनुष्य खुर्चीला जखडलेला, पाय अधांतरीं लोंबत, आणि गाडी त्याला उलटा-सुलटा करून आकाशांत फेंकीत नेते. मी तींत दोनदां बसलों. बहिणीला उंचीच्या नियमामुळें परतविण्यांत आलें, तेव्हां ती रडत रडत आजीकडे गेली. आजी सकाळपासून एका बाकावर बसली होती. तिच्या सभोंवतीं आम्हां पांच जणांच्या पिशव्या, पाण्याच्या बाटल्या आणि वडिलांची छत्री होती. मी खालीं आल्यावर तिनें विचारलें, “वरून एवढी माणसं ओरडत होती, ती भिऊन का रे?” मी म्हणालों, “होय आजी. भिण्याचेच पैसे दिले आहेत.” तिनें मान डोलाविली आणि एक पिशवी सरकवून मला बसावयास जागा केली. मी बसलों नाहीं. पुढच्या रांगेकडे धांवलों.

त्याच दिवशीं अहमदाबादेस क्रिकेटच्या विश्वचषकाचा अंतिम सामना होता. ऑस्ट्रेलियानें आपला पराभव केला, हें वाचकांस सांगावयास नको. रात्रीं उतारशाळेच्या खोलींत आम्ही तोंडें पाडून बसलों असतां आजीनें सहज विचारलें, “इथून समुद्र किती लांब आहे?”

वडील म्हणाले, “अलिबाग साठेक किलोमीटर असेल. पेणवरून एस. टी. जाते.”

आजी पुढें कांहींच बोलली नाहीं. परंतु वडील उठून बसले. जलोद्यानाचीं तिकिटें अजून काढलीं नव्हतीं, आणि मंगळवारीं परत निघावयाचें होतें. म्हणजे एकच दिवस हातांत होता. वडिलांनीं प्रत्येकाचें मत विचारलें. बहीण म्हणाली, “मला शंखशिंपले पाहिजेत.” आई म्हणाली, “तुमचं ठरेल तें.” मी मात्र वकिलासारखा उभा राहिलों. जलोद्यानांतहि लाटा असतात, त्या यंत्रानें उठवितात, त्यांत बुडण्याचें भय नाहीं, पाणी स्वच्छ असतें, असे मुद्दे मीं एकामागून एक मांडले. आणि शेवटीं जें बोलूं नये तें बोललों: “आजीला काय, ती इथंहि पिशव्या राखीत बसली, तिथंहि पिशव्याच राखील!”

खोलींत कोणी कांहीं बोललें नाहीं. पंखा तेवढा फिरत होता. मग आजीच म्हणाली, “खरंच आहे त्याचं. मुलांच्या मनासारखं होऊं द्या.” वडिलांनीं माझ्याकडे पाहिलें व म्हणाले, “तूं थोरला आहेस. सकाळीं तूंच सांग कुठें जायचं तें.” याहून त्यांनीं मला रागें भरलें असतें तर मला बरें वाटलें असतें.

पहांटे जाग आली तेव्हां आजीनें सर्वांच्या पिशव्या भरून ठेवल्या होत्या. माझी पिशवी दाराशीं होती, आणि तींत पोहण्याचे कपडे व टॉवेल सर्वांत वर, हाताशीं येतील असे ठेवले होते. मला एकाएकीं राग आला. कोणाचा, तें आजहि सांगतां येत नाहीं. मी वडिलांना म्हणालों, “अलिबाग.” ह्या निर्णयांत आजीविषयींचें प्रेम किती व त्या वर ठेवलेल्या टॉवेलाची लाज किती, याचा हिशेब मीं पुढें पुष्कळदां करून पाहिला. तो जुळत नाहीं.

पेण गांव गणपतीच्या मूर्तींकरितां प्रसिद्ध आहे. तेथें गाडी बदलून आम्ही साडेदहाच्या सुमारास अलिबागेस उतरलों. वाळू लागतांच आजीनें चपला काढून हातांत घेतल्या, जणूं देवळांतच शिरत होती. नंतर ती थांबली आणि पुष्कळ वेळानें म्हणाली, “ह्याला पलीकडचा कांठ नाहीं?” नदीकांठीं जन्म गेलेल्या माणसाचा तो प्रश्न होता.

समोर पाण्यांत कुलाबा किल्ला दिसत होता. किल्ल्यावर भरतीच्या वेळीं नावेनें व ओहोटीच्या वेळीं पायीं किंवा घोडागाडीनें जातात. एका वृद्ध घोडागाडीवाल्याला वडिलांनीं विचारलें, “पाणी केव्हां उतरेल?” त्यानें उलट प्रश्न केला, “आज तिथी कोणती?” आम्ही एकमेकांकडे पाहूं लागलों. मी मोबाईल काढला. तेवढ्यांत आजी म्हणाली, “कार्तिक शुद्ध अष्टमी. गोपाष्टमी आज.”

“मग आठाची पाऊणपट करा,” गाडीवान म्हणाला.

“आठ पाऊण सहा,” आजी तत्क्षणीं म्हणाली.

“सहाला भरती. सकाळीं सहाला झाली, आतां सांजेला सहाला. मध्यें बाराला ओहोटी. चला, वेळ झालीच आहे.”

कोंकणच्या किनाऱ्यावर तिथीला पाउणानें गुणून भरतीची वेळ काढण्याची ही जुनी रीत आहे. चंद्र रोज सुमारें पन्नास मिनिटें उशिरां माथ्यावर येतो, म्हणून भरतीहि रोज तितकी पुढें सरते. पन्नास मिनिटें म्हणजे जवळजवळ पाऊण तास. गाडीवानाला तिथी माहीत पाहिजे आणि पाऊणकी पाठ पाहिजे, बस्स. आजीच्या शाळेंत पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी हे सगळे पाढे घोकून घेत असत. ती चौथीपर्यंतच शिकली; पण तें चौथींतलें गणित साठ वर्षांनीं, घरापासून इतक्या दूर, अचूक उपयोगीं पडलें. मी नववींत असून मला पाऊणकीचा एकहि पाढा येत नव्हता. गाडीवान त्यानंतर सारें आजीशींच बोलूं लागला. आम्ही बाकीचे चौघे तिच्याबरोबर आलेलीं माणसें ठरलों.

त्यानेंच सांगितलें कीं अमावास्या-पौर्णिमेस उधाण असतें. तेव्हां पाणी चढतेंहि फार आणि उतरतेंहि फार, मग वाट कोरडी पडते. अष्टमीस भांग; पाणी धड चढत नाहीं, धड उतरत नाहीं. ह्याचें कारण आमच्या पुस्तकांत आहे: अष्टमीस सूर्य व चंद्र यांचें आकर्षण एकमेकांशीं काटकोनांत असतें. तें मीं परीक्षेंत लिहिलेंहि आहे. परंतु चाकाखालीं पाणी खळखळत असतांना, घोडा गुडघाभर पाण्यांतून वाट काढीत असतांना तें मला प्रथमच समजलें.

किल्ल्याचें बांधकाम छत्रपती शिवाजी महाराजांनीं सन १६८० सालीं हातीं घेतलें. पुढें तो सरखेल कान्होजी आंग्रे यांच्या आरमाराचें मुख्य ठाणें झाला. सन १७२१ त इंग्रज व पोर्तुगीज दोघे मिळून त्याच्यावर चालून आले आणि हात हलवीत परतले. आंत गणपतीचें मंदिर आहे, तें राघोजी आंग्रे यांनीं सन १७५९ त बांधिलें. पण आजीला नवल वाटलें तें गोड्या पाण्याच्या विहिरीचें. भोंवतालीं सगळें खारें आणि मधोमध गोडें! ती विहिरीच्या कांठावर बराच वेळ वांकून पाहत राहिली. पाण्यासाठीं पोहऱ्यामागें पोहरे ओढलेल्या मराठवाड्यांतील बाईला तोफांपेक्षां विहीर मोठी वाटावी यांत काय नवल?

दोन वाजण्यापूर्वीं निघावें असें गाडीवानानें बजावलें होतें. मला तटावर आणखी फिरावयाचें होतें; आजीनेंच वेळ धरून आम्हांस बाहेर काढलें. किनाऱ्यावर परत आल्यावर ती लुगड्याचा काठ सांवरीत घोट्याइतक्या पाण्यांत उभी राहिली. बहीण शिंपले वेंचीत होती. आजीनें विचारलें, “आपल्या गंगेचं पाणी ह्यांत आलं असेल ना?”

आमच्याकडे गोदावरीला गंगाच म्हणतात. मला उत्तर ठाऊक होतें, आणि दुर्दैवानें तें खरें उत्तर होतें. गोदावरी त्र्यंबकेश्वरास उगम पावते. तेथून हा पश्चिम समुद्र अवघा ऐंशी किलोमीटर. परंतु मध्यें सह्याद्रि उभा आहे, म्हणून ती पाठ फिरवून पूर्वेस वळते आणि १४६५ किलोमीटर चालून बंगालच्या उपसागरास मिळते. तिचा एक थेंबहि इकडे येत नाहीं. मीं तें सांगितलें. आजीचा चेहरा उतरला. आदल्या रात्रींसारखें मीं पुन्हां कांहीं बोलून बसलों, असें मला वाटलें. मग मला एक गोष्ट आठवली. मी म्हणालों, “पण आजी, पावसाळ्यांत ढग ह्याच समुद्रावरून येतात. त्र्यंबकला पाऊस पडतो तो इथल्याच पाण्याचा. म्हणजे ती इथं येत नसली, तरी इथूनच गेलेली आहे.”

आजीनें क्षणभर विचार केला. “म्हणजे माहेर इथलं आणि सासर तिकडचं,” ती म्हणाली, आणि वांकून ओंजळभर पाणी उचलून तें परत समुद्रांतच सोडलें.

भरती चढूं लागली तेव्हां आम्ही उठलों. अलिबागेस सन १९०४ पासूनची भूचुंबकीय वेधशाळा आहे. मुंबईंत विजेच्या ट्राम येणार म्हणून तेथील नाजूक वेध बिघडूं नयेत यासाठीं ती येथें उभारण्यांत आली. वडिलांना ती बाहेरून तरी पाहावयाची होती, पण पेणची गाडी चुकली असती. गाडींत आजीला झोंप लागली. तिच्या लुगड्याचा भिजलेला काठ वाळून त्यावर मिठाची पांढरी रेघ उमटली होती. बहिणीच्या शिंपल्यांचा वास साऱ्या गाडीभर सुटला होता, आणि पुढच्या बाकावरचे गृहस्थ वारंवार मागें वळून पाहत होते.

जलोद्यान अजून पाहावयाचें आहे. मला त्याची ओढ नाहीं असें म्हटलें तर तें खोटें होईल. आजीहि म्हणते, पुढच्या खेपेस मुलांच्या मनासारखें. सध्यां ती मला रोज संध्याकाळीं पाऊणकी शिकविते. बारा पाऊण नऊ येथपर्यंत मी न चुकतां जातों. तेराला मात्र अडखळतों, आणि ती उत्तर सांगत नाहीं.