एकच चिप, दोन कार्डं

२०१४ साली एनव्हिडियाने जीएम१०७ ही एकच चिप दोन वेगळ्या कार्डांवर बसवून विकली. जीफोर्स जीटीएक्स ७५० टीआय गेम खेळणाऱ्यांसाठी, अमेरिकेत १४९ डॉलरला. क्वाड्रो के२२०० डिझाइनवाल्यांसाठी, त्याहून कितीतरी महाग. दोन्हींत ६४० कोर, दोन्हींची मेमरी बस १२८ बिटांची. जुनी वर्कस्टेशनं उघडायची, साफ करायची आणि छोट्या डिझाइन ऑफिसांना पुन्हा उभी करून द्यायची, हे माझं काम. त्या कामात या जोडीने मला जेवढं शिकवलं तेवढं कुठल्याही महागड्या कार्डाने शिकवलं नाही.

कागदावर स्वस्त कार्डच किंचित पुढे दिसतं. त्याच्या मेमरीचा वेग सेकंदाला ८६.४ गिगाबाइट, क्वाड्रोचा ८०. मग गिऱ्हाईक विचारतं, "जास्तीचे पैसे कशाचे?" त्याचं उत्तर मी पडद्यावर देतो. सॉलिडवर्क्स या कॅड सॉफ्टवेअरमध्ये एखाद्या मोल्डची मोठी असेम्ब्ली उघडायची, शेडेड व्ह्यूमध्ये कडा चालू करायच्या आणि मॉडेल माउसने फिरवायचं. क्वाड्रोवर ते हाताबरोबर फिरतं, जीफोर्सवर हाताच्या मागून येतं. दिवसाचे आठ तास मॉडेल फिरवणाऱ्या माणसाला हा फरक डोळ्यांआधी मनगटात जाणवतो.

याचं कारण कामाच्या जातीत आहे. गेममध्ये भरीव त्रिकोण काढायचे असतात. वस्तूची पाठमोरी बाजू खेळणाऱ्याला दिसतच नाही, म्हणून ती वगळून वेळ वाचवतात. कॅडमध्ये पडदा रेषांनी भरलेला असतो, आणि प्रत्येक रेष गुळगुळीत दिसावी लागते. सेक्शन कापला की एरवी झाकलेली आतली बाजूही उजळून दिसली पाहिजे. नाहीतर भिंतीची जाडी कशी तपासणार? सॉलिडवर्क्स ज्यावर चालतं त्या ओपनजीएलमधली ही कामं क्वाड्रोचा ड्रायव्हर मनापासून करतो. जीफोर्सच्या ड्रायव्हरमध्ये त्यांना मागची रांग मिळालेली असते. सॉलिडवर्क्समधला रिअलव्ह्यू हा वास्तवदर्शी व्ह्यू तर मान्यता नसलेल्या कार्डावर निवडताच येत नाही. ऑटोकॅड आणि इन्व्हेंटर मात्र डायरेक्टएक्सवर चालतात. तिथे जीफोर्स अजिबात कमी पडत नाही, आणि केवळ ऑटोकॅडवर टू-डी ड्रॉइंग काढणाऱ्याला क्वाड्रो घ्यायला लावणं मला पटत नाही.

चिप तीच आहे, तर हा भेद करायचा अधिकार कंपनीला आहे का? पूर्वी रिव्हाट्यूनर या सॉफ्टवेअरमधल्या सॉफ्टक्वाड्रोने जीफोर्स कार्डाला क्वाड्रो म्हणून ड्रायव्हरपुढे उभं करता यायचं. २०१७ मध्ये प्रतिस्पर्धी एएमडीचं व्हेगा फ्रंटियर एडिशन हे कार्ड आलं आणि पाठोपाठ एनव्हिडियाने आपल्या टायटन एक्सपी कार्डासाठी नवा ड्रायव्हर काढला. कार्डातला एकही भाग न बदलता ते व्यावसायिक सॉफ्टवेअरमध्ये कितीतरी वेगाने चालू लागलं. फोटोशॉपसारख्या ओपनजीएल सॉफ्टवेअरमधला १० बिट रंगही जीफोर्सला २०१९ मध्ये स्टुडिओ ड्रायव्हरबरोबर मिळाला. ड्रायव्हर एकेका सॉफ्टवेअरच्या एकेका आवृत्तीवर तपासायला माणसं लागतात, आणि त्या मेहनतीचे पैसे घेणं मला रास्त वाटतं. पण हातात आलेल्या वस्तूची ताकद प्रतिस्पर्धी दारात येईपर्यंत दाबून ठेवणं मला आजही खटकतं.

ब्लेंडरमध्ये सायकल्सचं रेंडर लावलं की हा सगळा भेद विरून जातो. एनव्हिडियाच्या 'कुडा'वर चालणारं हे गणित दोन्ही कार्डं जवळजवळ सारख्याच वेळात उरकतात. फरक उरतो मेमरीचा: के२२०० वर ४ जीबी, ७५० टीआयवर सहसा २. टेक्श्चर भरलेलं घर २ जीबीत मावलं नाही की वेगाची चर्चाच संपते. ॲनिमेशन शिकणाऱ्या मुलांनाही मी म्हणूनच जुना क्वाड्रो सुचवतो. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा दिल्लीत नेहरू प्लेसला ऑफिसांची वर्कस्टेशनं लॉटने येतात, गेमवाले क्वाड्रोकडे वळत नाहीत, म्हणून नवं असताना आवाक्याबाहेरचं कार्ड तिथे बरेचदा परवडतं. जीफोर्सच्या जुन्या मालात खोटी कार्डंही फिरतात. जीटीएस ४५० सारख्या कार्डाचा बायॉस बदलून ते ७५० टीआय म्हणून गळ्यात मारलं जातं. जीपीयू-झेड हे कार्ड ओळखणारं सॉफ्टवेअर चालवलं की बहुधा ते उघडं पडतं. पैसे देण्याआधी हे सॉफ्टवेअर चालवायचा आग्रह धरावा आणि दुकानदार नाही म्हणाला तर उठावं.

क्वाड्रोत गोंधळ नावांचा आहे. के२००० आणि के२२०० ऐकायला सख्खी भावंडं वाटतात. पण के२००० केप्लर पिढीचं, ३८४ कोरचं, २ जीबीचं. के२२०० नावात 'के' असूनही पुढच्या मॅक्सवेल पिढीचं. केप्लरचे ड्रायव्हर ४७० च्या मालिकेवर थांबले, त्याआधीच्या फर्मीचे ३९० वर. म्हणून के२००० मागायला कुणी आलं की मी आधी सॉफ्टवेअरची आवृत्ती विचारतो. ती जुनी असेल, बदलायची नसेल आणि मशीन इंटरनेटपासून दूर फक्त ड्रॉइंगसाठी ठेवायचं असेल, तर नवी पेस्ट लावून, पंखा साफ करून ते कार्ड मी खुशाल बसवून देतो.