कॅचरचे हात

यष्टिरक्षण शिकताना आमच्याकडून एकच गोष्ट घोटून घेतली गेली: हात मऊ ठेव, चेंडूबरोबर अंगाकडे घे. नरेन ताम्हाणे यांचं नाव मुंबईत आदराने घेतलं जातं, ते अशाच शांत हातांसाठी. आज मीही मुलांना तेच सांगतो. बेसबॉलचा कॅचर मात्र याच्या अगदी उलट वागतो. त्याचा हात चेंडूबरोबर वाहवला की स्ट्राइक, म्हणजे पिचरच्या बाजूचा पंचाचा कौल, गेलाच म्हणायचा. चेंडू कडेला येणार हे ओळखून तो मिट, म्हणजे हातमोजा, आधीच बाहेर नेतो आणि झेलता झेलता किंचित आत आणतो, पंचाला तो स्ट्राइक दिसावा म्हणून. याला फ्रेमिंग म्हणतात. कुणी याला लबाडी म्हणेल. मला ती पिचरच्या चांगल्या चेंडूची राखलेली बूज वाटते.

आपटून आलेला चेंडू तर तो झेलायलाच जात नाही. दोन्ही गुडघे टेकतो, हनुवटी छातीला लावतो, खांदे पुढे वळवतो आणि चेंडू अंगावर घेऊन पुढ्यातच पाडतो. आमच्याकडे अंगावर आदळलेला चेंडू म्हणजे कीपरची चूक. पण खाली राहणाऱ्या चेंडूंसाठी मी हे मुलांना आवर्जून शिकवतो, बाय वाचतात.

सिनसिनाटी रेड्सचा जॉनी बेंच उजवा हात पाठीमागे ठेवून एका हाताने झेलायचा. ही पद्धत रँडी हंडलीने त्याच्याआधी वापरली होती, रुळवली बेंचने. बॅटला चाटून आलेल्या चेंडूने, म्हणजे फाउल टिपने, उघड्या हाताची बोटं मोडायची, ती वाचली. बेंचला १९६८ ते १९७७ क्षेत्ररक्षणाचे सलग दहा गोल्ड ग्लोव्ह पुरस्कार मिळाले, पण गुडघ्यांना कुठलं मिट वाचवणार? शेवटचे तीन हंगाम तो बहुतेक पहिल्या-तिसऱ्या बेसवरच खेळला आणि पस्तिसाव्या वर्षी निवृत्त झाला. दुसरा कॅचर जो मावर, त्याला डोक्याच्या दुखापतीमुळे कॅचरची जागा सोडावी लागली. २०११ मध्ये होम प्लेटवरच्या धडकेत कॅचर बस्टर पोझीचा पाय मोडला. अशा धडकांना आळा घालणारा नियम यायला २०१४ उजाडलं. इतका उशीर का व्हावा?

मला सर्वांत हेवा वाटतो तो कॅचरच्या अधिकाराचा. कीपर गोलंदाजाला फार तर सुचवतो. कॅचर पुढचा चेंडू कुठला ते ठरवून खूण देतो. ८ ऑक्टोबर १९५६ ला डॉन लार्सनने वर्ल्ड सिरीजमध्ये परफेक्ट गेम टाकला, म्हणजे एकाही बॅटरला बेसवर पोहोचू दिलं नाही, तेव्हा कॅचर योगी बेराची एकही खूण त्याने नाकारली नाही. आता बोटांच्या खुणेच्या जागी संकेत पाठवणारं बटण आलं आहे. २०२६ पासून पंचाच्या स्ट्राइक-बॉलच्या निर्णयाला यंत्राकडे आव्हान देता येतं, आणि तो हक्क मैदानातल्या तिघांनाच आहे: बॅटर, पिचर आणि कॅचर. कॅचरचं नाव त्यात आलं, हे मला फार योग्य वाटलं.